सर्व्हिसनंतरचा डाग

दुकानात आलेल्या मालाची पोती मोजल्याशिवाय, काटा केल्याशिवाय आणि बिलाशी ताळा घेतल्याशिवाय कोणताही व्यापारी पावतीवर सही करीत नाही. हाच व्यापारी मोटार सर्व्हिसिंगहून परत घेताना मात्र बिल न वाचता पैसे देतो, किल्ली घेतो आणि घाईने दुकानाकडे निघतो. यंत्रातले आपल्याला काय कळते, ही त्यामागची नम्रता असते. तिच्यात थोडा आळसही मिसळलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या फरशीवर तेलाचा डाग दिसला की या नम्रतेची किंमत कळू लागते.

सर्व्हिस करून आणलेल्या गाडीतून गळती व्हावी, हा प्रकार दुर्मीळ नाही. बरी असलेली गाडी ज्या दिवशी उघडली जाते, त्याच दिवशी तिचे बोल्ट, झाकणे आणि नळ्या जागच्या हलतात. त्या पुन्हा नीट बसल्या की वर्षभर काळजी नसते; एखादी चुकली की गळती सुरू होते. म्हणून सर्व्हिसनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गाडीखाली नजर टाकण्याची सवय प्रत्येक घराला हवी.

डाग काय सांगतो?

गाडीखाली पडलेला प्रत्येक थेंब चिंतेचा नसतो. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र चालू ठेवून गाडी उभी केली की पुढच्या भागाखाली पाणी ठिबकते. ते स्वच्छ, बिनवासाचे असते आणि बोटांवर चिकटत नाही. ते हवेतील बाष्पाचे पाणी आहे. त्यासाठी कोणाला फोन करण्याचे कारण नाही.

इंजिन ऑइल बोटांवर बुळबुळीत लागते. नवे असताना त्याचा रंग मधासारखा असतो, जुने झाले की तपकिरी आणि मग काळे. डिझेल गाडीत नवे ऑइलही लवकर काळे पडते. पेट्रोल गाडीत ते काही दिवस उजळ राहते. हा फरक पुढे कामाला येतो. कूलंट म्हणजे रेडिएटरमधील द्रव. तो हिरवा, गुलाबी, नारिंगी अथवा निळा असतो आणि त्याला गोडसर वास येतो. गिअर ऑइल घट्ट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र दर्प असतो. स्वयंचलित गिअरचे आणि अनेक गाड्यांतील पॉवर स्टिअरिंगचे तेल तांबडे असते. नव्या डिझेल गाड्यांपैकी अनेकींत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण वापरतात. ते गळून वाळले की पांढरे स्फटिक उरतात. पेट्रोल अथवा डिझेल वासावरूनच कळते. तो वास आला तर गाडी सुरू करू नये आणि जवळ दिवा-उदबत्ती नेऊ नये.

सर्वांत जपण्याचे द्रव्य म्हणजे ब्रेक ऑइल. ते पातळ, फिकट पिवळसर असते आणि बहुधा चाकाच्या आतील बाजूस अथवा बोनेटखालील त्याच्या छोट्या डबीभोवती दिसते. गाडीच्या रंगावर पडले तर ते रंग खाऊन टाकते. म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुवावे लागते. ब्रेक ऑइल गळत असल्याची शंका आली, पायाखाली ब्रेक नरम लागला अथवा नेहमीपेक्षा खोल गेला, तर गाडी सर्व्हिस सेंटरपर्यंतही चालवीत नेऊ नये. तिला उचलून न्यायला लावावे.

कूलंटविषयी आणखी एक गोष्ट. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि विषारी असते. अंगणात साचलेले असे थारोळे कुत्री-मांजरे चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. म्हणून कूलंटचा डाग दिसला की गाडीचा निकाल लागण्याची वाट न पाहता आधी त्यावर माती अथवा भुसा टाकून तो टिपून घ्यावा, टिपलेले पिशवीत बांधावे आणि जागा धुवावी. घरातल्या लहान मुलांसाठीही हीच काळजी.

एका घरातील गोष्ट

जयसिंगपूरच्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या घरी घडलेला प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. घरची पेट्रोल मोटार पाच वर्षांची. गुरुवारी ती सर्व्हिस होऊन आली. शनिवारी सायंकाळी आंबा घाट उतरून रत्नागिरीस जायचे ठरले होते. तेथे लेकीचे डोहाळेजेवण होते आणि ऐंशी वर्षांच्या आजीही बरोबर येणार होत्या.

शुक्रवारी पहाटे अंगण झाडताना धाकट्या सूनबाईंना गाडीखाली रुपयाएवढा डाग दिसला. थोरल्या मुलाने तो पाहून म्हटले, "कालच सर्व्हिस झाली आहे. फिल्टर बदलताना सांडलेले तेल असेल." सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तेथूनही तेच उत्तर आले : "दोन दिवस ठिबकेल, मग आपोआप थांबेल."

हे उत्तर कधी कधी खरे असते. ऑइल फिल्टर काढताना जुने तेल आजूबाजूला आणि इंजिनखालच्या संरक्षक पत्र्यावर सांडते. ते नीट पुसले नाही तर दोन-चार दिवस ठिबकत राहते. पण हे उत्तर खरे की खोटे, हे पाहण्याचा मार्ग घरातच होता, आणि सूनबाईंनी तो धरला. त्यांनी दुकानातून साबणाच्या खोक्याचा कोरा पुठ्ठा आणला, तो गाडीखाली सपाट अंथरला आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलीने आखल्या. डागाचे आणि गाडीच्या किलोमीटरच्या आकड्याचे छायाचित्र घेतले. नंतर सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक काढून पुसली, पुन्हा घातली आणि तेल कोणत्या खुणेपर्यंत आहे तेही टिपून ठेवले.

शनिवारी सकाळी पुठ्ठ्यावर तळहाताएवढा डाग होता. तो एकाच जागी पडलेला होता, आणि त्याचा रंग मधासारखा होता. सांडलेले जुने तेल असते तर डाग काळा असता. येथे गळत होते ते गुरुवारी भरलेले नवे तेल. डिपस्टिकवरील पातळीही किंचित उतरली होती. सूनबाईंनी पुठ्ठा सासऱ्यांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "अण्णा, हे थांबणारे नाही. घाटात जायची ही गाडी नव्हे."

अण्णांपुढे खरी अडचण निराळीच होती. सर्व्हिस सेंटरचे व्यवस्थापक दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या घरचा महिन्याचा बाजार अण्णांच्या दुकानातून जात असे. माणूस ओळखीचा, गोड बोलणारा. तक्रार करावी तर संबंधात कटुता येणार, न करावी तर आईला घेऊन घाट उतरायचा. व्यापारी घरांत अशा वेळी बहुधा संबंध जिंकतो आणि गाडी गावातल्या दुसऱ्या गॅरेजात गुपचूप दाखवली जाते. अण्णांनी तसे केले नाही. गाडी तशीच ठेवून त्यांनी सर्व्हिस सेंटरच्या माणसाला घरी बोलावले, तेल पुरेसे असल्याची खात्री करून घेतली आणि गाडी त्याच्याच हाती सेंटरला पाठविली. पाठोपाठ ते आणि सूनबाई पुठ्ठा, जॉब कार्ड आणि बिल घेऊन तेथे पोहोचले.

गाडी लिफ्टवर चढविली. ऑइल चेंबरच्या तळाचा ड्रेन बोल्ट ओला होता. बोल्ट उघडला तेव्हा त्याखालचा वॉशर चपटा झालेला, जुन्या वळांचा निघाला. बिलात मात्र "ड्रेन बोल्ट वॉशर, 1 नग" अशी ओळ होती आणि त्याचे पैसे घेतलेले होते. नवा वॉशर घालून बोल्ट आवळू लागले तर तो घट्टच होईना. कोणीतरी पाना अतिजोराने फिरविल्यामुळे चेंबरचे आटे गेले होते.

व्यवस्थापक म्हणाले, "अण्णा, गाडी पाच वर्षांची आहे. आटे आधीपासूनच झिजलेले असणार."

सूनबाईंनी जॉब कार्ड पुढे केले. गाडी आत घेतानाच्या तपासणीत गळतीच्या रकान्यात "नाही" अशी खूण होती. अण्णांनी सर्व्हिसची पुस्तिका उघडली. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक सर्व्हिस याच सेंटरचा शिक्का घेऊन झाली होती. अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, या बोल्टाला तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. आटे काल गेले असोत की तीन वर्षांपूर्वी, खाते एकच आहे."

त्यावर व्यवस्थापकांनी नवा चेंबर बसविण्याची मजुरी माफ करण्याची तयारी दाखविली. चेंबरची किंमत मात्र ग्राहकाने द्यावी, असे ते म्हणाले. आवाज खाली आणून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : "कंपनीवर घातले तर ते शेवटी त्या हेल्पर पोराच्या पगारातून कापले जाईल. गेल्याच महिन्यात लागला आहे." लिफ्टमागे उभा असलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा खाली पाहत होता.

येथे अनेक सज्जन माणसे माघार घेतात. अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या दुकानात हमालाच्या पाठीवरून पोते फुटले तर तो तोटा दुकानाच्या खात्यात पडतो, हमालाच्या नव्हे. पाना कसा आवळायचा हे त्याला शिकवायचे काम कोणाचे? मी तक्रार लेखी देतो. ती तुमच्या पेढीवर असेल. त्या मुलाचे नाव तिच्यात नसेल, आणि त्याच्या पगाराला हात लागला तर मात्र मी मालकांना भेटेन."

अर्ज सूनबाईंनी तेथेच बसून लिहिला. त्यात पाच ओळी होत्या : सर्व्हिसची तारीख आणि बिल क्रमांक, डाग दिसल्याची वेळ, लिफ्टवर काय आढळले, कोणते काम विनामूल्य करून हवे, आणि किती दिवसांत. रागाचा एक शब्द नव्हता. प्रतीवर पोहोच घेतली आणि तोच मजकूर वाहन कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेलने पाठविला.

सोमवारी मालकांचा होकार आला. चेंबर, वॉशर आणि नवे तेल सेंटरच्या खर्चाने बसले. बिलावर प्रत्येक वस्तूची नोंद झाली आणि रकमेच्या जागी शून्य आले. तशी नोंद घ्यावी हा सूनबाईंचा आग्रह होता, कारण नोंद नसलेल्या दुरुस्तीची हमी कोणी देत नाही. रत्नागिरीची फेरी मात्र भाड्याच्या गाडीने झाली. ते भाडेही मागावे, असे सूनबाईंचे मत होते. अण्णांनी ते सोडून दिले. या एका मुद्द्यावर सासरे-सुनेचे आजही एकमत नाही, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. व्यवस्थापकांच्या घरचा बाजार पूर्वीप्रमाणेच दुकानातून जातो.

सर्व्हिसनंतरच गळती का होते?

इंजिन ऑइल बदलताना चेंबरच्या तळाचा ड्रेन बोल्ट उघडून जुने तेल काढतात. या बोल्टाखाली तांब्याचा अथवा ॲल्युमिनियमचा मऊ वॉशर असतो. आवळताना तो दबतो आणि फट बुजवितो. एकदा दबलेला वॉशर पुन्हा तसा दबत नाही, म्हणून अनेक उत्पादक तो दर वेळी बदलण्यास सांगतात. वस्तू चिल्लर किमतीची असते. तरीही ती वाचविली जाते. बोल्ट सैल राहिला तर तेल ठिबकते आणि अति आवळला तर आटे जातात. ठरलेल्या जोराने आवळण्यासाठी मोजमापाचा पाना असतो, पण घाईत तो नेहमी वापरला जातोच असे नाही.

दुसरी जागा ऑइल फिल्टरची. फिल्टरच्या तोंडाशी रबराची कडी असते. जुना फिल्टर काढताना ही कडी कधी इंजिनलाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर बसविला जातो. दोन कड्या एकावर एक आल्या की दाबाखाली तेल जोराने बाहेर पडू शकते. लहान पेट्रोल मोटारीत साधारण तीन ते चार लिटर तेल असते. अशा गळतीत ते फार लवकर रिकामे होते. तेल भरण्याचे वरचे झाकण सैल राहणे अथवा तेल वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणे, ही आणखी दोन साधी कारणे.

कूलंट बदलला असेल तर नळीची क्लिप आणि रेडिएटरचे झाकण पाहावे. कूलंट भरताना आत अडकलेली हवा नंतर बाहेर पडते आणि डबीतील पातळी एकदा खाली येते. ही गळती नव्हे. पातळी पुन्हा भरल्यावर पुन्हा उतरली तर मात्र शोध घ्यावा. ब्रेक पॅड नवे घातले असतील तर ब्रेक ऑइल डबीतून वर येऊन सांडू शकते. कारण नव्या जाड पॅडसाठी पिस्टन मागे ढकलावे लागतात आणि तेल परत डबीकडे येते. तो डाग पुसून, धुऊन पुन्हा पाहावा. पुन्हा ओला दिसला अथवा पातळी घटली तर गाडी हलवू नये.

केव्हा थांबायचे?

गाडी चालवताना तेलाच्या कुपीसारखी तांबडी खूण पेटली तर इंजिनमधील तेलाचा दाब गेला आहे, असा तिचा अर्थ. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचार येथे फार महाग पडतो. सुरक्षित कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. तेलाविना चालणारे इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते आणि त्याचा खर्च अनेक वर्षांच्या सर्व्हिसहून अधिक येतो. तापमानाचा काटा तांबड्यात गेला तरी हाच नियम. मात्र इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर येते. पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे.

साध्या मोटार विम्यावर येथे विसंबता येत नाही. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड समाविष्ट नसतो. इंजिन संरक्षणाची जादा जोड घेतली असेल तर तिच्या अटी वाचाव्यात. तांबडी खूण पेटल्यावरही गाडी चालविली, असे दिसले तर सर्व्हिस सेंटरही त्याच गोष्टीकडे बोट दाखवील. वेळीच थांबणे हा स्वतःच्या बाजूचा पहिला पुरावा आहे.

कागद आणि कायदा

वाहन कंपनीची हमी ही कारखान्यातील दोषांसाठी असते. सर्व्हिस करताना झालेल्या हलगर्जीची जबाबदारी प्रथम ते काम करणाऱ्या विक्रेत्यावर येते, आणि विक्रेता ही बहुधा कंपनीहून वेगळी पेढी असते. म्हणून अर्ज विक्रेत्याला लिहावा आणि प्रत कंपनीला द्यावी. सेंटरने पाहण्यापूर्वी दुसऱ्या गॅरेजात बोल्ट उघडू देऊ नये. उघडला की दोष कोणाचा, हे सिद्ध करणे कठीण जाते. सेंटर दाद देत नसेल तर दुसऱ्या जाणकाराकडून छायाचित्रांसह लेखी अभिप्राय घ्यावा आणि मगच दुरुस्ती करावी. काढलेला जुना भाग मागून घ्यावा.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटी त्याच्या कक्षेत येते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. हेल्पलाइन निवाडा देत नाही, पण कंपनीपर्यंत तक्रार पोहोचविते, आणि पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. ती मिटली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेला मोबदला 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार तेथे चालते आणि 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारदार जेथे राहतो अथवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. उभय पक्षांची संमती असल्यास आयोग प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवू शकतो. ओळखीच्या माणसांतील वादासाठी हा मार्ग विशेष सोयीचा.

व्यापारी कुटुंबांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा. या कायद्यात "व्यापारी प्रयोजनासाठी" घेतलेली वस्तू वा सेवा ग्राहकाच्या व्याख्येबाहेर राहते. केवळ घेणारा व्यापारी आहे म्हणून तो ग्राहक ठरत नाही, असे मात्र नाही. मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या विश्वस्त संस्थेने परिचारिकांच्या निवासासाठी सदनिका घेतल्या होत्या. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये व्यवहाराचा मुख्य हेतू पाहिला, त्याचा नफा कमावण्याशी थेट संबंध नाही असे ठरविले आणि संस्थेला ग्राहक मानले. घरच्या वापराची मोटार आणि दुकानाचा माल वाहणारा टेम्पो यांची बाजू म्हणून सारखी नसते.

येथे बिलावरच्या नावालाही महत्त्व येते. पेढीचा जीएसटी क्रमांक घालून घरच्या मोटारीचे बिल घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी वाहनांची खरेदी आणि दुरुस्ती यांवरील कराची वजावट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळतच नाही. म्हणजे तो क्रमांक घालून कराचा लाभ नाही, आणि पुढे वाद झाल्यास समोरचा पक्ष त्याच बिलावर बोट ठेवून "हा व्यापारी वापर आहे" अशी हरकत घेऊ शकतो. गाडी कोणाच्या नावावर आहे, खर्च कोणत्या खात्यात पडतो, हे आपल्या सनदी लेखापालांशी एकदा बोलून ठरवावे.

किल्ली घेण्यापूर्वी

गाडी देताना जॉब कार्डावर किलोमीटर, आधीची गळती आहे की नाही आणि सांगितलेली कामे यांची नोंद करून घ्यावी; प्रत जवळ ठेवावी. परत घेताना बिलातील प्रत्येक ओळ वाचावी आणि बदललेले जुने भाग दाखवायला सांगावे. वॉशर बदलला का, हा प्रश्न मोठ्याने विचारावा. सेंटरच्या आवारातच इंजिन पाच मिनिटे चालू ठेवून खाली वाकून पाहावे आणि ते बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक तपासावी. कूलंट आणि ब्रेक ऑइलच्या डब्यांवर किमान व कमाल अशा दोन खुणा असतात; पातळी त्यांच्यामध्ये हवी. यास पाव तास पुरतो. घरी आल्यावर पहिल्या रात्री गाडीखाली एक कोरा पुठ्ठा अंथरावा, सकाळी तो उचलून पाहावा, आणि लांबचा प्रवास सर्व्हिसच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नये.